अहवालात ‘बायनरी टॉक्सिन पॉझिटिव्ह’ आले म्हणजे जंतू अधिक घातक असतो का?

आपण वर्तकनगरहून विचारलेला प्रश्न मला समजला तो असा. आपले ७१ वर्षांचे वडील न्यूमोनियासाठी ठाण्यातील एका रुग्णालयात दाखल होते. तेथे त्यांना आधी सेफ्ट्रिॲक्सोन आणि नंतर लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके दिली गेली. घरी आल्यावर आठवडाभरातच दिवसाला सात-आठ वेळा पाण्यासारखे जुलाब सुरू झाले आणि शौचाच्या तपासणीत ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ हा जिवाणू निघाला. अहवालात तीन ओळी आहेत: टॉक्सिन बीचे जनुक पॉझिटिव्ह, बायनरी टॉक्सिन पॉझिटिव्ह आणि ‘०२७ असण्याची शक्यता’ निगेटिव्ह (टॉक्सिन म्हणजे जंतू बनवतो ते विष आणि ०२७ हा या जंतूचा एक प्रकार). कॅनडात राहणाऱ्या आपल्या भावाने तिकडच्या एका स्ट्रेनने, म्हणजे याच जंतूच्या एका उपप्रकाराने, पुष्कळ वृद्ध माणसे दगावल्याचे सांगितले आणि तेव्हापासून त्या दुसऱ्या ओळीने आपली झोप उडाली आहे. हा स्ट्रेन घातक आहे का, नेमका प्रकार कळावा म्हणून नमुना आणखी पुढे पाठवावा का, आणि घरातील आठ महिन्यांच्या बाळाला धोका आहे का, हे आपल्याला हवे आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतील रुग्णालयांचे नमुने तपासणे हे माझे रोजचे काम आहे आणि नातेवाइकांकडून हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो. त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रश्न जंतूचा आहे, म्हणजे या जातीच्या सगळ्या स्ट्रेनमध्ये इजा करण्याची ताकद सारखी असते का. त्याचे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. दुसरा प्रश्न आपल्या वडिलांचा आहे: स्ट्रेनचे नाव कळल्याने त्यांच्या उपचारात काही बदलेल का. त्याचे उत्तर मात्र मुख्यतः त्यांचे वय, मूत्रपिंडाची स्थिती, जुलाबाबरोबर दिसणारी इतर लक्षणे आणि अजून चालू असलेली औषधे यांवर अवलंबून आहे. मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे जेथे निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आहे तेथे मी तसे स्पष्ट लिहीन.

आधी जंतूविषयी. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल १९३५ साली नवजात बाळांच्या शौचात प्रथम सापडला आणि बरीच वर्षे निरुपद्रवी मानला गेला. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या तीव्र दाहाचे कारण हाच आहे, हे १९७८ च्या सुमारास सिद्ध झाले. तो आतड्याच्या भिंतीत घुसून इजा करत नाही. तो आतड्याच्या पोकळीत राहून टॉक्सिन सोडतो आणि ती टॉक्सिने आतड्याच्या पेशींचा आतला सांगाडा मोडतात. पेशी एकमेकींपासून सुटतात, पाणी पोकळीत झिरपते, दाह सुरू होतो आणि आजार वाढला तर आतड्याच्या आतल्या बाजूला पिवळसर पापुद्रे धरतात. प्रमुख टॉक्सिने दोन आहेत, ए आणि बी. त्यांची जनुके जंतूच्या गुणसूत्रावर एका छोट्या पट्ट्यात शेजारी शेजारी असतात आणि त्याच पट्ट्यात त्यांना चालना देणारी व लगाम घालणारी जनुकेही असतात. स्ट्रेनमधील फरकाचा बराचसा उलगडा या पट्ट्यातच होतो.

काही स्ट्रेनमध्ये हा पट्टा मुळात नसतोच. असे जंतू टॉक्सिन बनवत नाहीत आणि त्यांच्यामुळे जुलाब होत नाहीत, तरी प्रयोगशाळेच्या प्लेटवर ते अगदी सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. ऑक्सिजनविरहित जारमधून ४८ तासांनी प्लेट बाहेर काढली, की पिवळसर, चपट्या, कडेला विसकटलेल्या आणि दळलेल्या काचेसारख्या खरखरीत दिसणाऱ्या वसाहती असतात आणि झाकण उघडताच घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो. सर्वांत बदनाम स्ट्रेनची प्लेट आणि टॉक्सिन न बनवणाऱ्या स्ट्रेनची प्लेट शेजारी शेजारी ठेवली, तर मला डोळ्यांनी त्यांतली कोणती कोणाची हे सांगता येणार नाही. म्हणूनच नुसता ‘जंतू सापडला’ हा निष्कर्ष अपुरा असतो आणि जनुकांची किंवा टॉक्सिनची तपासणी करावी लागते. या निरुपद्रवी भावंडांचा एक उपयोगही दिसून आला आहे. आजारातून उठलेल्या रुग्णांना अशा एका स्ट्रेनचे बीजाणू (जंतूची टणक, सुप्त रूपे) मुद्दाम पाजण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलेले दिसले. एकाच जातीचा एक स्ट्रेन आजार देतो आणि दुसरा त्याची जागा अडवून रुग्णाला वाचवतो, इतका हा फरक मोठा आहे.

दुसरे टोक म्हणजे आपल्या भावाने सांगितलेला रिबोटाइप ०२७ (रिबोटाइप म्हणजे जनुकीय ठशांवरून ठरवलेला स्ट्रेनचा प्रकार). कॅनडातील क्वेबेक प्रांतातील रुग्णालयांत २००३ च्या सुमारास त्याची मोठी साथ आली, त्याच काळात इंग्लंडमध्येही आली. क्वेबेकच्या १२ रुग्णालयांतील १,७०३ रुग्णांच्या अभ्यासात या आजारामुळेच ३० दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण ६.९ टक्के निघाले. या स्ट्रेनमध्ये टॉक्सिनला लगाम घालणाऱ्या जनुकात बिघाड आढळला. प्रयोगशाळेतील वाढीत तो इतर स्ट्रेनच्या तुलनेत टॉक्सिन ए १६ पट आणि टॉक्सिन बी २३ पट बनवतो, असे २००५ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर तो ‘अतिघातक’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. पुढच्या संशोधनाने हे चित्र बरेच गुंतागुंतीचे केले. लगामाचे ते जनुक प्रयोगशाळेत दुरुस्त करून पाहिले, तरी टॉक्सिनचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले नाही. काही रुग्णालयांच्या अभ्यासांत रुग्णाचे वय आणि इतर आजार हिशेबात धरल्यावर ०२७ चा स्वतंत्र परिणाम उरला नाही, तर काहींत मृत्यूचे प्रमाण खरोखर जास्त दिसले. दुसरीकडे असेही आढळले, की ०२७ च्या घराण्यातील टॉक्सिन बी इतरांच्या टॉक्सिन बीपेक्षा रचनेने थोडे वेगळे आहे आणि आतड्याच्या पेशीला चिकटण्यासाठी वेगळा दुवा वापरते. त्यामुळे प्रमाणापेक्षा प्रतीतला फरकही महत्त्वाचा असू शकतो.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा, कारण बातम्यांत तो हमखास हरवतो. जंतूची पसरण्याची ताकद वेगळी आणि एका रुग्णाला इजा करण्याची ताकद वेगळी. ०२७ च्या यशाचे मोठे कारण असे, की लिव्होफ्लॉक्सासिन ज्या गटात येते त्या फ्लोरोक्विनोलोन औषधांना तो दाद देत नाही. जनुकीय अभ्यासातून दिसले, की हा प्रतिकार उत्तर अमेरिकेत दोन स्वतंत्र शाखांमध्ये आला आणि तेथून या शाखा जगभर गेल्या. ज्या रुग्णालयात ही औषधे सढळ हाताने दिली जातात, तेथे इतर जंतू मरतात आणि हा टिकतो. मग तो वृद्ध आणि दुबळ्या रुग्णांच्या वॉर्डात मोठ्या संख्येने पोहोचतो आणि मृत्यूंचा आकडा फुगतो. त्या आकड्यातला किती भाग जंतूच्या घातकतेचा आणि किती भाग त्याने गाठलेल्या माणसांच्या दुबळेपणाचा, हे वेगळे काढणे फार अवघड असते. इंग्लंडमध्ये फ्लोरोक्विनोलोनचा वापर आवळल्यावर या औषधांना दाद न देणाऱ्या स्ट्रेनचे आजार झपाट्याने उतरले आणि औषधाला दाद देणाऱ्या स्ट्रेनचे प्रमाण मात्र फारसे हलले नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला आपल्या शहरासाठी सर्वांत मोलाचा पुरावा हाच आहे. आपल्याकडे ही औषधे लघवीच्या जळजळीपासून साध्या खोकल्यापर्यंत कशालाही लिहिली जातात आणि त्याची किंमत आपल्या वडिलांसारखे रुग्ण मोजतात, म्हणून हे मी तळमळीने लिहीत आहे.

आता आपल्या अहवालातील दुसऱ्या ओळीकडे येऊ. बायनरी टॉक्सिन हे तिसरे टॉक्सिन आहे आणि त्याची जनुके ए आणि बीच्या पट्ट्यापासून दूर, गुणसूत्रावर दुसरीकडे असतात. बहुसंख्य स्ट्रेनमध्ये ते नसते, ०२७ मध्ये असते आणि ०७८ या दुसऱ्या एका रिबोटाइपमध्येही असते. हा ०७८ डुकरांसारख्या पाळीव जनावरांत मोठ्या प्रमाणावर सापडला आहे आणि युरोपात रुग्णालयाबाहेरील, तुलनेने तरुण माणसांतही त्याचे आजार दिसले आहेत. आपला अहवाल ‘बायनरी पॉझिटिव्ह, पण ०२७ नव्हे’ असे म्हणतो. म्हणजे हा ०७८ किंवा त्या प्रकारचा दुसरा एखादा स्ट्रेन असू शकतो. त्यापलीकडे या चाचणीतून काही काढता येत नाही. बायनरी टॉक्सिन पेशीच्या पृष्ठभागावर तंतूंसारखे फाटे फुटायला लावते आणि त्यांत जंतू अधिक घट्ट अडकतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. डेन्मार्कमधील एका अभ्यासात बायनरी टॉक्सिन असलेल्या स्ट्रेनच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, मग तो स्ट्रेन ०२७ असो वा नसो. म्हणून त्या ओळीला काहीच अर्थ नाही, असे मी आपल्याला सांगणार नाही. ती ओळ वाचून मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करते आणि रुग्णाकडे पहिले काही दिवस जरा बारकाईने पाहा असे सुचवते. त्या एका ओळीवरून रुग्णाचे भवितव्य मात्र मी कधीच सांगत नाही.

याच्या उलट एक उदाहरण सांगते, म्हणजे अहवालातील ‘कमी’ ओळींनीही निर्धास्त होऊ नये हे कळेल. रिबोटाइप ०१७ टॉक्सिन ए बनवतच नाही आणि त्याच्याकडे बायनरी टॉक्सिनही नसते. कागदावर तो सर्वांत सौम्य वाटतो. प्रत्यक्षात आशियात हा स्ट्रेन मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि निव्वळ टॉक्सिन बीच्या बळावर त्याने गंभीर आजार आणि रुग्णालयांतील साथी घडवल्या आहेत. एकेकाळी काही चाचण्या फक्त टॉक्सिन ए शोधत असत आणि हा स्ट्रेन त्यांच्या हातून सुटत असे. टॉक्सिनांची संख्या मोजून घातकता ठरवता येत नाही, हे या एका स्ट्रेनने सगळ्यांना शिकवले.

मग एकाच स्ट्रेनने एका रुग्णाला दोन दिवस पातळ शौचास होते आणि दुसऱ्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागते, असे का घडते? कारण अर्धा हिशेब आतड्याचा असतो. निरोगी मोठ्या आतड्यातील नेहमीचे जिवाणू पित्ताम्लांचे (पित्तातील आम्लांचे) रूपांतर अशा पदार्थांत करतात, की जे या जंतूची वाढ रोखतात. सेफ्ट्रिॲक्सोनसारखे औषध त्या जिवाणूंचा फडशा पाडते, मूळ पित्ताम्ले तशीच उरतात आणि त्यांतली काही तर या जंतूच्या बीजाणूंना उगवण्याचा इशारा देतात. पीक उपटून मोकळ्या केलेल्या जमिनीत तण माजावे तसे हे आहे. त्याशिवाय ज्यांच्या रक्तात टॉक्सिनविरुद्ध चांगली प्रतिपिंडे असतात, ते टॉक्सिन बनवणारा जंतू बाळगूनही ठणठणीत राहू शकतात, आणि वय वाढते तशी ही तयारी अनेकांत कमी पडते. ७१ वर्षांचे वय, नुकताच झालेला न्यूमोनिया आणि लागोपाठ दोन प्रतिजैविके या तीन गोष्टी माझ्या दृष्टीने आपल्या वडिलांच्या बाबतीत बायनरी टॉक्सिनपेक्षा वजनदार आहेत.

आजार किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टर ज्या गोष्टी पाहतात, त्यांत स्ट्रेनचे नाव नसते. रक्तातील पांढऱ्या पेशी प्रति घन मिलिमीटर १५,००० किंवा त्याहून अधिक असतील, अथवा मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले असेल, तर आजार गंभीर धरला जातो. रक्तदाब कोसळणे, पोट फुगून ताठ होणे आणि आतड्याची हालचाल थांबणे या त्यापुढच्या पायऱ्या आहेत. जुलाब एकाएकी थांबले पण पोट फुगत चालले आणि माणूस मलूल झाला, तर ती सुधारणा समजू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. वडिलांची ही रक्ततपासणी झाली नसेल, तर स्ट्रेनच्या चाचणीवर जाणारे पैसे आधी तिच्यावर खर्च करा.

नमुना पुढे पाठवावा का, याचे माझे उत्तर ‘नको’ असे आहे. रिबोटाइप शोधण्याची सोय आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळांत नाही. जेथे आहे, तेथे जंतू आधी वाढवावा लागतो, मग त्याचे जनुकीय ठसे घ्यावे लागतात, आणि उत्तर येईपर्यंत दहा दिवसांचा उपचार बहुधा संपलेला असतो. शिवाय कोणतेही उत्तर आले, तरी औषध तेच राहते. तोंडावाटे व्हॅन्कोमायसिन १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, हा त्याचा नेहमीचा मार्ग आहे. फिडॅक्सोमायसिन मिळत असेल, तर आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहते म्हणून ते पहिल्या पसंतीचे मानतात, परंतु २०११ च्या मोठ्या चाचणीत ०२७ प्रकारच्या स्ट्रेनपुरता हा फायदा दिसला नव्हता. आपल्या वडिलांचा स्ट्रेन ०२७ नाही, त्यामुळे डॉक्टरांनी ते सुचवले तर त्यांचे म्हणणे योग्यच असेल. व्हॅन्कोमायसिनविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. कॅप्सूल मिळाली नाही, तर इंजेक्शनची बाटली पाण्यात विरघळवून पाजायला सांगतात आणि घरच्यांना ती चूक वाटते. ती चूक नसते. हेच औषध शिरेतून दिले तर ते आतड्याच्या पोकळीत पोहोचत नाही, ते पोटातूनच जावे लागते. लिव्होफ्लॉक्सासिन अजून चालू असेल, तर ते थांबवता येईल का, आणि आम्लपित्ताची गोळी खरोखर हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. हे दोन्ही निर्णय त्यांचे आहेत. जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका.

स्ट्रेनची माहिती निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. ती रुग्णालयाला हवी असते. एका वॉर्डात पंधरवड्यात तीन-चार रुग्ण निघाले, तर तो एकच स्ट्रेन खाटांवरून, कमोडच्या कडांवरून आणि हातांवरून फिरत आहे की प्रत्येकाचा जंतू वेगळा आहे, हे टायपिंगशिवाय, म्हणजे स्ट्रेन ओळखण्याच्या तपासणीशिवाय, कळत नाही. पहिल्या स्थितीत स्वच्छतेत त्रुटी असते, दुसऱ्या स्थितीत प्रतिजैविकांच्या वापरात, आणि दोन्हींचे उपाय निराळे आहेत. म्हणून माझा आग्रह असतो, की रुग्णालयांनी असे जंतू गोठवून जपावेत आणि संशय येताच तपासून घ्यावेत. हे काम व्यवस्थेचे आहे, त्याचा भार एका कुटुंबावर पडता कामा नये.

नमुन्याबद्दल एक व्यावहारिक सूचना आहे, कारण पुन्हा जुलाब झाले तर ती उपयोगी पडेल. टॉक्सिन हे प्रथिन आहे आणि साध्या तापमानाला ते दोनेक तासांतच इतके विघटित होऊ शकते, की चाचणीत दिसत नाही. मे महिन्याच्या दुपारी घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकलेल्या दुचाकीच्या डिकीत ठेवलेली डबी प्रयोगशाळेत येते तेव्हा त्यातला जंतू शाबूत असतो, पण चाचणीच्या पट्टीवर टॉक्सिनची रेघ उमटत नाही. मग ‘जंतू पॉझिटिव्ह, टॉक्सिन निगेटिव्ह’ असा गोंधळाचा अहवाल निघतो. कधी तो खरोखरच निरुपद्रवी स्ट्रेनमुळे असतो, कधी केवळ उन्हामुळे. नमुना बर्फाच्या पिशवीसोबत लगेच पाठवा, आणि शौच घट्ट झालेले असेल तर पाठवूच नका. उपचारानंतर ‘जंतू गेला का’ हे पाहण्यासाठीही चाचणी करू नका. माणूस बरा झाल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि त्या कागदावरून पुन्हा औषधे सुरू होतात.

बाळाची काळजी मी समजू शकते, परंतु येथे दिलासा देता येतो. पहिल्या वर्षात अनेक निरोगी बाळांच्या आतड्यात हा जंतू, टॉक्सिन बनवणारा स्ट्रेनसुद्धा, काहीही त्रास न देता असतो आणि म्हणूनच या वयात त्याची चाचणी करू नये असा संकेत आहे. खरी काळजी घरातील इतर वृद्धांची आणि सध्या प्रतिजैविके घेणाऱ्यांची घ्यावी. बीजाणूंवर सॅनिटायझरमधील अल्कोहोलचा परिणाम होत नाही, म्हणून वडिलांची शुश्रूषा केल्यावर साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवावेत. शक्य असेल तर त्यांना वेगळे शौचालय द्यावे. नसेल तर कमोडची बैठक, फ्लशचे बटण, नळ आणि दाराची कडी रोज ब्लीचच्या ताज्या द्रावणाने पुसावी. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग हे प्रमाण ठेवावे, ॲसिडच्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नये आणि खिडकी उघडी ठेवावी.

पाचपैकी सुमारे एका रुग्णात हा आजार पुन्हा डोके वर काढतो, बहुधा औषध संपल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत. त्या काळात जुलाब परत सुरू झाले, तर हॉटेलचे खाणे बाधले असेल म्हणून थांबू नका आणि उरलेल्या गोळ्याही देऊ नका. पुन्हा दाखवा, कारण दुसऱ्या खेपेला औषधाची आखणी वेगळी करावी लागते. वडिलांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘सी. डिफिसिल आजार झाला होता’ असे लिहा, खाली महिना आणि वर्ष घाला, आणि यापुढे दातांच्या डॉक्टरांपासून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांपर्यंत जो कोणी प्रतिजैविक लिहायला घेईल, त्याच्यापुढे ते पान आधी ठेवा.